नवीन डांबरावर सायकल कोण कोण चालवतंय? (पुणे आणि इतर)

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. वय ४७, कोथरूड, ऑफिस शिवाजीनगरला. कॉलेजनंतर सायकल सुटली ती सुटलीच. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली त्याच्या आधी रस्ते करायचं जे काम चाललं होतं त्यात आणि त्याच्या आगेमागे आमच्याकडचा रस्ताही नवा झाला, आणि एका सकाळी गॅलरीतून तो काळाभोर, एकही ठिगळ नसलेला रस्ता बघून मला इतकी हुक्की आली की भाच्याची पडून असलेली सायकल काढली, हवा भरली आणि थेट नळस्टॉपपर्यंत जाऊन आले. काय सांगू! चाक फिरल्याचा फक्त सूंऽऽ आवाज. तीन आठवडे झाले, आठवड्यातून चार दिवस ऑफिसला सायकलनेच जातेय. जाताना फर्ग्युसन रस्ता, येताना जंगली महाराज.

पण एक गोष्ट सलतेय. रस्ता मधोमध लोण्यासारखा आहे आणि मी चालवते कडेने. कडेला काय आहे? खाली गेलेली चेंबरची झाकणं, बारीक खडी, वाळू, मधेच कापून ठेवलेली चर. म्हणजे नवा रस्ता मिळाला तो गाड्यांना, माझ्या वाट्याला आलेले दोन फूट आहेत तसेच. गेल्या मंगळवारी एका झाकणात चाक गेलं, पडले नाही पण ट्यूब गेली.

तुमचा काय अनुभव? नव्या रस्त्यावर सायकल सुरू केलीय का कुणी? आणि हे डांबर टिकतं किती दिवस?

शेंगदाणा_चटणी

पहिली मी! अभिनंदन ताई. मी पण सुरू केलीय, बाणेर ते औंध. नवऱ्याला वाटतंय चार दिवसांचं खूळ आहे. आज एकोणतिसावा दिवस.

रोजचा_स्वार

मी दुचाकीवाला. राग मानू नका पण स्पष्ट सांगतो, रस्ता गुळगुळीत झाल्यापासून सगळ्यांचाच स्पीड वाढलाय, माझाही. पूर्वी खड्डे होते तर आपोआप तीसच्या वर जाता येत नव्हतं. आता सकाळी सातला पन्नास-साठने गाड्या जातात. सायकलसाठी मला तर जुना रस्ता जास्त सेफ वाटतो. खड्ड्यांनी कंबर जात होती पण जीव तरी वाचत होता.

कात्रजचा_बोगदा

@रोजचा_स्वार, म्हणजे सायकलवाल्यांच्या सुरक्षेसाठी रस्ते खराब ठेवायचे? अहो खड्डा चुकवायला सायकलवाला अचानक उजवीकडे येतो आणि मागून येणाऱ्याला ते कळत नाही, माझे दोन ओळखीचे असेच पडलेत. स्पीडचा प्रश्न खरा आहे पण त्याचं औषध खड्डा नाही.

जुना_बिल्ला

सर्वांना नमस्कार. माझं वय ७८. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून नातवाकडून मराठी टायपिंग लावून घेतलं.

आमच्या काळात पुणं सायकलींचंच शहर होतं. सायकलला कर होता, वर्षाला बिल्ला घ्यावा लागे, तो हँडलच्या खाली किंवा पुढच्या दांड्याला लावायचा. बिल्ला नसला की पोलीस धरत, डबलसीट धरत, आणि दिवेलागणीनंतर दिवा नसला तरी धरत. दिवा म्हणजे डायनॅमो नंतर आला, आधी रॉकेलचा. मग पोरं पोलिसाला सांगायची, आत्ताच विझला हो साहेब! पोलीस हुशार, तो दिव्याच्या काचेला हात लावून बघायचा. गार लागली की झाला दंड.

माझ्या वडिलांची काळी सायकल होती, मागे मोठं कॅरियर, त्यावर आम्ही दोघं भावंडं आणि पुढच्या दांडीवर धाकटी बहीण, तिच्या बुडाखाली टॉवेलची घडी. रस्ते काही फार गुळगुळीत नव्हते हो. पण रस्त्यावर सगळ्यात जास्त सायकलीच असायच्या, त्यामुळे "कडेने चालव" असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही मधूनच जायचो. मुठाकाठच्या ताईंचं वाचून हे पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं.

शेंगदाणा_चटणी

काका, टॉवेलची घडी!! माझ्या आईने अगदी हेच सांगितलंय. प्लीज लिहीत रहा.

हॉटमिक्स

मी रस्त्याच्या कामांवर साइट इंजिनीअर होतो, ३१ वर्षं, आता निवृत्त. ताईंनी विचारलंय डांबर टिकतं किती. सरळ उत्तर असं की डांबराचा शत्रू गाडी नाही, पाणी आहे. वरचा थर तुम्ही बघता तो ३० ते ५० मिलिमीटर असतो फक्त. त्याखाली जाडसर थर, त्याखाली खडी-मुरुमाचा पाया. पाया पक्का आणि पाण्याला वाट असली तर वरचा थर आठ-दहा वर्षं आरामात जातो. पाणी साठलं की ते फटीतून आत शिरतं, खडीवरचं डांबर सोडवतं, वरून चाक गेलं की खडी सुटते. पहिल्या दिवशी वाटीएवढा खड्डा, आठवड्यात परातीएवढा.

आता कडेचं. रस्ता सपाट नसतो, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतार, त्याला आम्ही कॅम्बर म्हणतो. म्हणजे पाणी, वाळू, सुटी खडी, काचा, सगळं वाहून कडेलाच येतं. आणि रोलर कडेला नीट दाबत नाही कारण फूटपाथचा दगड आडवा येतो. त्यामुळे सगळ्यात कच्चा भाग कडेचाच. ताईंचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे.

झाकणांचं कारण वेगळं. जुना थर मशीनने खरवडून (मिलिंग) मग नवा टाकला तर पातळी तेवढीच राहते. न खरवडता वरच टाकला की रस्ता वर चढतो आणि झाकण खाली राहतं. दोनदा असं झालं की चार इंचांची विहीर तयार. नियमाने थर टाकल्यावर चेंबर उचलून घ्यायचं असतं, फ्रेम काढायची, खाली काँक्रीटची रिंग भरायची, फ्रेम परत बसवायची. पण ते काम बऱ्याचदा वेगळ्या खात्याकडे आणि वेगळ्या ठेकेदाराकडे असतं, आणि डांबरवाला मशीन घेऊन पुढच्या रस्त्याला गेलेला असतो.

सिंहगड_सकाळी_पाचला

वा काका, पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावलं.

जंगली महाराज रस्त्याबद्दल पण सांगा ना. तो दोन पारशी भावांनी बांधला, दहा वर्षांची हमी दिली वगैरे सगळं खरं का?

हॉटमिक्स

खरं आहे. रेकॉन्डो नावाची कंपनी, सत्तरच्या दशकात काम झालं, १ जानेवारी १९७६ ला रस्ता खुला झाला, दहा वर्षांची हमी लेखी दिलेली होती आणि तो त्याच्या कितीतरी पट टिकला. लोक म्हणतात काहीतरी गुप्त फॉर्म्युला होता. तसं काही नाही. पाया नीट, मिश्रण गरम असतानाच अंथरून दाबलेलं, पाण्याचा निचरा नीट. पुस्तकात लिहिलंय तेच, फक्त खरंच केलेलं. मिश्रण प्लांटमधून साधारण दीडशे अंशाला निघतं, ट्रॅफिकमधे ट्रक तासभर अडकला की गार होतं, मग कितीही रोलर फिरवा, दबत नाही. मी स्वतः थर्मामीटर घालून ट्रक परत पाठवलेत आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. आजही त्या रस्त्यांवरून जाताना बरं वाटतं.

संत्रानगरी

नागपूरवरून. आमच्याकडे सिमेंट रोडच सिमेंट रोड. खड्डे नाहीत हे खरं हाय, पण सायकलवर जॉइंट आला की टक, जॉइंट आला की टक, दहा किलोमीटर गेलं की मनगटं भरून येतात. आणि खरी भीती वेगळीच. सिमेंटचा स्लॅब संपतो आन् कडेला पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे उभी फट राहते, चाकाच्या दिशेनेच. बारीक टायर त्यात गेला की हँडल वळतच नाही, माणूस सरळ आडवा. माझ्या बायकोचं कॉलरबोन असंच गेलं. आडवी फट दिसली तर घाबरू नका, उभी दिसली तर घाबरा. ओलांडायचीच असली तर तिरपी नका ओलांडू, जमेल तितकं काटकोनात चाक घ्या.

मुठाकाठची

@संत्रानगरी, वहिनी आता बऱ्या आहेत ना? हे उभ्या फटीचं मला माहीतच नव्हतं.

संत्रानगरी

बरी हाय आता. सायकल पण सुरू केली तिने परत, माझ्या आधी.

पेडलवाली_पल्लवी

ट्यूबचा विषय निघालाय तर. मुठाकाठच्या ताई, पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली तेव्हा बुडबुडे दोन ठिकाणाहून येत होते का, शेजारी शेजारी?

मुठाकाठची

अगं हो! कसं ओळखलंस? पंक्चरवाले काका पण म्हणाले की दोन भोकं आहेत, साप चावल्यासारखी. त्या लाल घमेल्यात दोन बारीक माळा वर येत होत्या अगदी जवळ जवळ.

पेडलवाली_पल्लवी

तेच ते. स्नेक बाइटच म्हणतात त्याला. हवा कमी असली आणि चाक धारदार कडेवर आदळलं की ट्यूब टायर आणि रिमच्या मधे चिमटली जाते, दोन्ही बाजूला भोक. म्हणजे झाकणाचा दोष आहेच पण हवाही कमी होती. भाच्याची सायकल म्हणजे हायब्रिड असणार, टायरच्या बाजूवर बघा ३५ किंवा ३८ लिहिलेलं असेल, ती टायरची रुंदी मिलिमीटरमधे. त्याला साधारण ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. पातळ टायर असेल, २८ चा, तर ७५-८०. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही हो, फ्लोअर पंप घ्या मीटरवाला, आठवड्यातून एकदा भरायचीच. आणि रस्ता नवा आहे म्हणून दगडासारखी टाइट पण नको, झाकणावर सायकल उडते आणि ब्रेक धरत नाही.

मुळशीचा_वारा

टूर बघायला गेलं होतं का कोणी? १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किमी, यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) २.२ दर्जाची, म्हणजे अनेक दिवसांची आंतरराष्ट्रीय रेस. मी पोरीला घेऊन गेलो होतो. घोळका येतो ना तेव्हा आधी आवाज येतो, मोठ्या माशांच्या थव्यासारखा, आणि मग वाऱ्याचा झोत अंगावर, आणि संपलं. सहा सेकंद. पोरगी म्हणाली, बाबा एवढंच? आणि मग दोन मिनिटांनी म्हणाली, मला सायकल घ्या. घेतली.

आळंदी_रोड

आमच्या लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला असेच उभे राहायचो. बोरघाट पहिला चढेल तो "घाटाचा राजा". नाव ऐकूनच अंगावर काटा यायचा.

सिंहगड_सकाळी_पाचला

आणि नाशिकचे महाजन बंधू विसरू नका, दोघं डॉक्टर, २०१५ ला रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली दोघांच्या टीमने, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्याकडे सायकलिंग नाही कोण म्हणतं. आम्ही पण बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची राइड, २०० किमी साडेतेरा तासांत. विषय निघालाच आहे तर खडकवासल्यापुढे कणीस आणि वर गडावर मडक्यातलं दही...

कात्रजचा_बोगदा

झालं, आता धागा दह्यावर जाणार.

शेंगदाणा_चटणी

दही नंतर पिठलं-भाकरी, कांदाभजी. मी तयार आहे.

दापोडीकर

सगळं छान चाललंय, एक वेगळं बोलू का. इथे हायब्रिड, पीएसआय, हेल्मेट, टूर यावर बोलणं होतंय. पण शहरात रोज सायकल चालवणारे सगळ्यात जास्त कोण आहेत? सोसायटीचे वॉचमन, बांधकामावरचे लोक, पेपर टाकणारी पोरं, हॉटेलात काम करणारे. काळी किंवा हिरवी सायकल, मागे डबा, एक ब्रेक चालतो एक नाही. ते हौसेने नाही चालवत, त्यांचं पोट त्यावर आहे. माझे वडील दापोडीहून पिंपरीला कंपनीत सायकलने जायचे, २६ वर्षं, तीन शिफ्ट. रात्रपाळीवरून येताना एकदा उघड्या चेंबरमधे पडले, दोन दात गेले आणि पगार कापला गेला तो वेगळा.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन रात्री दहाला ड्यूटीवर येतो. नवा रस्ता झाल्यावर मी त्याला विचारलं, आता बरं ना? तो म्हणाला, साहब पहले गाडीवाला गड्ढे की वजह से धीरे आता था, अब पीछे से एकदम आता है, और मेरे पास लाइट नहीं है. म्हणजे @रोजचा_स्वार जे म्हणाले तेच. मी त्याला मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरची पट्टी आणून दिली, शंभर-दीडशे रुपये फक्त. पण पुढच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं काय, त्याच्या पुढच्या?

रोजचा_स्वार

@दापोडीकर, हे वाचून थांबलो मिनिटभर. आमच्या सोसायटीत तीन वॉचमन, एक माळी. चौघांच्या सायकलींना उद्या दिवे लावतो. आणि माझा स्पीड पण.

जुना_बिल्ला

दापोडीकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. असतील तर.

दापोडीकर

आहेत काका. ८१. अजून भाजी आणायला सायकलच.

उत्रेख्तहून

नेदरलँड्समधून लिहितेय, अकरा वर्षं झाली. इथलं गुणगान करायला नाही आले, पण कडेचा मुद्दा निघाला म्हणून सांगते. इथे सायकलचा रस्ता वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी तांबड्या डांबराचा असतो. पण मला रंगापेक्षा जास्त आवडतं ते असं की गल्ली येऊन मिळते तिथे कित्येकदा सायकलचा रस्ता त्याच पातळीवर सरळ पुढे जातो आणि गाडीला चढून, हळू होऊन यावं लागतं. सायकलला उतरावं-चढावं लागत नाही.

आणि घरांच्या गल्ल्यांमधे डांबर नसतंच फारसं, विटा असतात. पाइपचं काम निघालं की माणसं गुडघ्यावर बसून विटा काढतात, रचून ठेवतात, काम झालं की त्याच विटा परत बसवतात. चर दिसतसुद्धा नाही नंतर. आपल्याकडे नव्या डांबराला चर पडली की जीव हळहळतो ना, मला पुण्यात आले की फार होतं ते.

हॉटमिक्स

उत्रेख्तच्या ताई, अगदी. आपल्याकडेही क्रम नीट लावला तर जमतं. आधी सगळी खोदाई, मग डांबर. २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झालाय, तो जरूर वाचा, सलग मार्गांचं जाळं कसं असावं हे त्यात चांगलं मांडलंय. तुकड्या-तुकड्याच्या ट्रॅकचा उपयोग नसतो. ट्रॅक संपतो तिथेच सायकलवाला सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

स्पीडचं पण सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे लांबट टेकाड. त्यावरून सायकल अलगद जाते आणि गाडीला पंचवीसने यावं लागतं. आपल्याकडे एका रात्रीत जी उभी भिंत घालतात त्याने गाडी थांबते पण सायकलवाल्या म्हाताऱ्याचा मणका जातो. नवा ब्रेकर घालताना दिसला तर जाऊन मापाचं बोला, लोक ऐकतात कधीकधी.

मुठाकाठची

मूळ प्रश्नाकडे येते, कारण तुमचं सगळ्यांचं वाचून मी शांत बसू शकले नाही.

रविवारी सकाळी लेकाची शाळेची पट्टी आणि खडू घेऊन निघाले. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत दीडएक किलोमीटरमधे डाव्या हाताला अकरा झाकणं खाली गेलेली. प्रत्येकात पट्टी उभी धरून मोजलं. सगळ्यात कमी ३ सेंटिमीटर, सगळ्यात जास्त ९ नंबरचं, शाळेच्या वळणावर, साडेआठ सेंटिमीटर! आणि त्याची कड नुसती धार, बोट फिरवलं तर डांबराचा तुकडा हातात आला. खडूने नंबर घातले, पट्टीसकट फोटो काढले. दूधवाला थांबला, म्हणाला मॅडम तुम्ही ऑफिसातून आलात का. मी म्हटलं नाही, सायकलवरून आलेय. मग त्यानेच बारावं दाखवलं, झाडाच्या सावलीत होतं, मला दिसलंच नव्हतं.

हॉटमिक्स काका, अर्ज कसा लिहू?

हॉटमिक्स

शाब्बास. "रस्ता खराब आहे" असं लिहू नका, त्याचं काही होत नाही. लिहा "चेंबर फ्रेम रस्त्याच्या पातळीला उचलणे", पुढे बारा ओळी, प्रत्येक ओळीत खूण (अमुक दुकानासमोर, अमुक खांबाजवळ), खोली सेंमीमध्ये, फोटो. शेवटी एक ओळ, रस्ता नवा असल्याने दोषदायित्व कालावधीत आहे का ते कळवावे. हा शब्द तसाच लिहा, त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने असते. हस्ते देऊन पोच घ्या. आणि काम होईपर्यंत कडेला चिकटून चालवू नका, कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत. मागच्याला तुम्ही नीट दिसता आणि झाकण चुकवायला नागमोडी जावं लागत नाही.

पेडलवाली_पल्लवी

+१. हातभर आत. सुरुवातीला हॉर्न वाजतील, वाजू देत.

शेंगदाणा_चटणी

मी पण पट्टी घेऊन निघतेय या रविवारी. एक अवांतर, सलवारीवर डांबराचे शिंतोडे उडालेत, जातात का?

आळंदी_रोड

खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, मग भांड्याच्या साबणाने. आधी पाणी लावू नका.

मुठाकाठची

अपडेट. अर्ज देऊन सोळा दिवस झाले. मधे दोनदा जाऊन आले, दुसऱ्या वेळी बिल्ला काका सोबत आले होते (हो, भेटलो आम्ही! काकांनी जुना पितळी बिल्ला दाखवला, अजून खिशात ठेवतात). काल दोन माणसं आणि एक मिक्सर आला. संध्याकाळपर्यंत आठ झाकणं रस्त्याच्या बरोबरीने. हात फिरवून बघितलं, पट्टी आडवी ठेवून बघितली, खालून उजेड दिसत नाही. आमच्या इथले वॉचमनदादा रात्री त्यावरून सायकलने दोनदा गेले मुद्दाम.

९, १०, ११ आणि १२ राहिलीत.

जुना_बिल्ला

आज पहाटे फिरायला गेलो होतो. ९ नंबर झालंय, काँक्रीट अजून ओलं आहे. भोवती विटा आणि झाडाची फांदी ठेवलीय. शाळेच्या वळणावर दोन दिवस जरा उजवीकडून घ्या सगळ्यांनी.